पिळलेल्या रबराची निगा : विमान-प्रतिकृतींच्या रबरी मोटारीचा इतिहास

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास सामान्यतः पंख, इंजिन आणि नियंत्रण या तीन सूत्रांभोवती लिहिला जातो. केली, लिलिएन्थाल, लॅंग्ली, राइट बंधू ही नावे त्या अनुषंगाने येतात. परंतु यांपैकी काहींच्या प्रयोगांच्या आरंभी किंवा बालपणी एक अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू आढळते, ती म्हणजे पीळ दिलेली रबराची लड. १८७० ते १९०० या काळात हवेपेक्षा जड असे जे काही स्वबळावर उडाले, त्यातील फार मोठा भाग या लडीच्या शक्तीवर उडाला. असे असूनही ही लड कशी निवडावी, कशी धुवावी, कशी ताणावी, कशी जपावी याविषयीचे ज्ञान इतिहासलेखनात जवळजवळ आलेले नाही. ते हौशी कारागिरांच्या हातात राहिले, तोंडी पुढे गेले आणि बरेचसे विसरलेही गेले. प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित ज्ञानाचा मागोवा घेतला असून, पदार्थाची निगा हा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा गौण भाग मानता येत नाही, असे प्रतिपादन केले आहे.

रबर हाती येईपर्यंत

कच्चे रबर थंडीत कडक होते व उन्हाळ्यात चिकट बनते. त्यामुळे शक्ती साठविण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग नव्हता. गंधकाबरोबर तापवल्यास रबराचा हा दोष जातो, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास १८३९ मध्ये आढळले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅंकॉक याने १८४३ मध्ये याच प्रक्रियेसाठी पेटंटचा अर्ज केला, आणि गुडइयरचे अमेरिकन पेटंट १८४४ चे आहे. पुढे १७ मार्च १८४५ रोजी लंडनच्या स्टीफन पेरी याने रबर बॅंडचे पेटंट घेतले. कागद बांधण्यासाठी निघालेली ही वस्तू पंचवीस वर्षांनी आकाशात जाईल अशी कल्पना त्यात अर्थातच नव्हती.

रबरापूर्वीही उडत्या खेळण्यांना शक्ती देण्याचे प्रयत्न झाले होते. १७८४ मध्ये फ्रान्समध्ये लोन्वा व ब्यांव्हन्यू यांनी देवमाशाच्या हाडाच्या धनुष्यावर फिरणारे दुहेरी पंख दाखविले. १७९६ च्या सुमारास जॉर्ज केली याने तसेच खेळणे पिसांच्या पंखांनी तयार केले. धनुष्याची दोरी उलगडली की खेळ संपे. शक्ती थोडी, तीही क्षणभर, आणि धनुष्याचे वजन मात्र वाहावे लागे.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. १८७१ मध्ये आशियात रबराचे मळे नव्हते. हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या त्या १८७६ मध्ये. त्यांतून उगवलेली रोपे सिलोन व मलाया येथे गेली. केरळात पेरियारकाठी थट्टेक्काड येथे रबराची व्यापारी लागवड १९०२ मध्ये सुरू झाली. मळ्यांचे उत्पादन जंगली रबराच्या पुढे गेले ते पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर. त्याआधीचे रबर मुख्यतः अरण्यातून येई, आणि ते गोळा करण्याची पद्धत काही प्रदेशांत अत्यंत क्रूर होती. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी सत्तेखालील कॉंगो (१८८५ ते १९०८) आणि पेरूमधील पुटुमायो ही त्याची कुप्रसिद्ध उदाहरणे होत. दोन्ही ठिकाणचे अत्याचार रॉजर केसमेंट याच्या अहवालांतून जगापुढे आले. पॅरिस व वॉशिंग्टन येथील प्रयोगकर्त्यांच्या टिपणांत रबराचे वजन ग्रॅमपर्यंत मोजलेले असते, पण ते कोठून आले हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

पेनोचा पीळ

आल्फोंस पेनो (१८५० ते १८८०) हा नौसेनाधिकाऱ्याचा मुलगा. कंबरेच्या सांध्याच्या विकारामुळे त्याला नौदलात जाता आले नाही. तो विमानविद्येकडे वळला. १८७० मध्ये त्याने एक छोटे हेलिकॉप्टर केले व त्यात रबर नुसते ताणण्याऐवजी त्यास पीळ दिला. हा बदल वरकरणी लहान वाटतो; परंतु तो निर्णायक ठरला.

ताणलेल्या रबराला दोन्ही टोकांशी भक्कम आधार लागतो, कारण ते सांगाड्याला सतत आत खेचते. शिवाय त्याची सरळ रेषेतील ओढ चक्राकार गतीत बदलण्यासाठी दोरी, गुंडाळी किंवा दाते लागतात. पिळलेली लड मात्र स्वतःच फिरते. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला पंख्याचा दांडा, मध्ये एक काटकी, एवढीच मोटार. वजनाच्या मानाने ताणलेले रबर अधिक शक्ती देऊ शकते, हे खरे आहे. पुढे लॅंग्लीनेही ते नोंदविले. परंतु सांगाडा मजबूत करण्यासाठी वाढवावे लागणारे वजन हा लाभ गिळून टाकते, हेही त्याच्या लक्षात आले व तोही पिळाकडेच वळला.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात पेनोने आपले ‘प्लानोफोर’ जाणकारांच्या समोर उडविले. त्याची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, पंखांचा विस्तार सुमारे ४५ सेंटिमीटर आणि वजन १६ ग्रॅम होते. त्यांपैकी ५ ग्रॅम रबर होते. म्हणजे एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा इंधनाचा. सुमारे २४० पीळ देऊन सोडल्यावर ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. मागच्या शेपटीचा कोन किंचित खाली ठेवल्याने ते आपोआप तोल सावरत असे. विमानविद्येच्या ग्रंथांत प्लानोफोरचे महत्त्व या स्वयंस्थैर्यासाठी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण स्थैर्य सिद्ध होण्यासाठी प्रतिकृती काही सेकंद तरी समान बळाने पुढे जात राहणे आवश्यक होते. ते बळ पिळलेल्या लडीने दिले. धनुष्यावर उडणाऱ्या खेळण्याने स्थैर्याचा प्रश्न उपस्थितच केला नसता.

पेनोने १८७६ मध्ये पोल गोशो याच्या साहाय्याने पूर्ण आकाराच्या विमानाचे पेटंट घेतले. त्यात मागे घेता येणारी चाके आणि एकाच दांड्याने चालणारे नियंत्रण होते. त्यासाठी पैसा मिळाला नाही. निराश होऊन त्याने आपली रेखाचित्रे एका छोट्या शवपेटीत घालून आंरी जिफार या धनाढ्य अभियंत्याकडे पाठविली व ऑक्टोबर १८८० मध्ये आत्महत्या केली. त्या वेळी तो अवघ्या तीस वर्षांचा होता.

राइट बंधू आणि लॅंग्ली

१८७८ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात बिशप मिल्टन राइट यांनी प्रवासातून परतताना आपल्या धाकट्या मुलांसाठी एक खेळणे आणले. ते पेनोच्या धर्तीचे, रबराच्या पिळावर उडणारे हेलिकॉप्टर होते. विल्बर तेव्हा अकरा व ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. त्यांनी त्यास ‘वटवाघूळ’ असे नाव दिले. ते मोडल्यावर त्यांनी स्वतः तशी खेळणी केली, आणि आकार वाढविताच ती नीट उडेनाशी झाली. लांबी-रुंदी दुप्पट केली तर शक्ती आठपट लागते, हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी १९०८ मधील लेखात सांगितले आहे.

या बालानुभवामागे रबराच्या लडीचाही एक नियम दडलेला आहे. लडीची लांबी तीच ठेवून तिच्यातील पदर दुप्पट केले, तर तिचे पीळबल दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे २.८ पट होते. पण तिला सोसवणारे पीळ मात्र सुमारे सात-दशांशावर येतात. दोन्हींचा गुणाकार दुप्पटच राहतो, कारण साठलेली ऊर्जा अखेर रबराच्या वजनाच्या प्रमाणात असते. जाड लड जोराने पण थोडा वेळ फिरते, तर बारीक व लांब लड हळू पण बराच वेळ फिरते. रबराच्या मोटारीची सारी आखणी या देवाणघेवाणीत आहे. हे गणित न मांडताही अनुभवी हौशी कारागीर पदरांची संख्या बोटांनी अजमावत असत.

खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल लॅंग्ली १८८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेचा सचिव झाला. पुढील काही वर्षांत त्याने रबरावर चालणाऱ्या तीस-चाळीस प्रतिकृती केल्या व त्या सुमारे शंभर वेगवेगळ्या रचनांत उडवून पाहिल्या. उड्डाणे सहा ते आठ सेकंदांची व २५ ते ३० मीटरची, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या पेनोपेक्षा कमीच. तीही एकसारखी नसत. त्यामुळे निष्कर्ष काढणे अवघड जाई. अखेरीस त्याने रबर सोडून वाफेची कास धरली. ६ मे १८९६ रोजी त्याच्या पाचव्या ‘एरोड्रोम’ने सुमारे एक किलोमीटरचे उड्डाण केले.

लॅंग्लीचा हा निर्णय उचितच होता. आजचे उत्तम रबरही प्रतिकिलोग्रॅम सुमारे १०,००० ज्यूल एवढीच ऊर्जा साठविते. पेट्रोलची ऊर्जा याच्या चार हजार पटींहून अधिक आहे. माणूस वाहून नेणारे यंत्र रबरावर होणे नव्हते. तथापि त्याच्या रबरी उड्डाणांतील अनियमिततेचे सारे खापर प्रतिकृतींच्या रचनेवर फोडणे कितपत न्याय्य आहे? प्रस्तुत लेखकाच्या मते त्यातील काही वाटा लडीच्या अवस्थेचाही असावा. हा अंदाज आहे. पण तो निराधार नाही. त्यासाठी रबराच्या वर्तनाकडे वळले पाहिजे.

रबर नावाचा विसराळू पदार्थ

धातूची स्प्रिंग आणि रबर यांत मूलभूत अंतर आहे. १८०५ मध्ये जॉन गफ या अंध निसर्गाभ्यासकाने रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली तेव्हा ती गरम लागली, आणि सैल सोडली तेव्हा गार. जेम्स ज्यूल याने १८५९ मध्ये याची काटेकोर मोजमापे प्रसिद्ध केली. हा प्रयोग वर्गात एका रुंद रबर बॅंडवर अर्ध्या मिनिटात करून दाखविता येतो आणि विद्यार्थी तो विसरत नाहीत. याचे स्पष्टीकरण १९३० च्या दशकात मिळाले. रबराचे लांबलचक रेणू एरवी गुंतागुंतीचे पडलेले असतात. ताणल्यावर ते एका दिशेत येतात व सोडल्यावर पुन्हा गुंत्याकडे परततात. रबराची ओढ ही बव्हंशी या अव्यवस्थेकडे परतण्याची ओढ आहे. खूप ताणल्यास नैसर्गिक रबराच्या रेणूंचे काही भाग स्फटिकासारखे एकत्र बसतात, हे जे. आर. काट्झ याने १९२५ मध्ये क्ष-किरणांनी दाखविले. ताणलेले रबर तुटण्यास जो चिवट प्रतिकार करते त्याचे कारण हेच.

मोटारीच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या दोन बाबी आहेत. पहिली अशी की, रबर प्रथम ताणले असता जेवढा प्रतिकार करते, तेवढा दुसऱ्या वेळी करत नाही. ते मऊ पडते. १९४० च्या दशकात लिओनार्ड मलिन्स याने या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास केला व आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. दुसरी बाब म्हणजे, ताणून धरलेल्या रबराची ओढ मिनिटागणिक ओसरत जाते. पूर्ण पीळ दिलेली लड हातात धरून वाऱ्याची वाट पाहत उभे राहिले, तर साठविलेली शक्ती उष्णतेच्या व सैलपणाच्या रूपाने गळत राहते.

आता लॅंग्लीची अडचण पाहावी. नवी लड व चार वेळा वापरलेली लड, लगेच सोडलेली व थोडा वेळ थांबून सोडलेली, थंड सकाळची व दुपारची, या साऱ्या लडी त्याच्या वहीत सारख्याच वजनाच्या ‘रबर’ म्हणून उतरणार. मलिन्सचे संशोधन अद्याप अर्धशतक दूर होते. परंतु जे प्रयोगशाळेला नंतर कळले ते हौशी कारागिरांच्या हातांना कितीतरी आधी कळू लागले होते.

निगेची पद्धत

हे हस्तज्ञान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, स्पर्धांच्या निमित्ताने, आकारास आले. त्याचे टप्पे येथे थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण खरा इतिहास त्यांतच आहे.

कारखान्यातून येणारी रबरी पट्टी एकमेकीस चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याच्या भुकटीत घोळलेली असते. ही भुकटी पिळाच्या वेळी पदरांमध्ये घासली जाऊन बारीक चरे पाडते. म्हणून पट्टी प्रथम कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतात आणि सावलीत वाळवितात. ऊन वर्ज्य. पट्टीच्या कडेला एखादी खाच दिसली तर तेवढा भाग कापून टाकतात. पीळ चढल्यावर लड तुटते ती अशा खाचेपासूनच. मग फळीवर दोन खिळे ठोकून ठरलेल्या अंतरात पट्टीचे वेढे घेतात, टोकांना ओलसर करून चौरस गाठ मारतात व लड तराजूवर तोलतात.

यानंतर वंगण. पदर एकमेकांवर न अडकता सरकले पाहिजेत, नाहीतर पीळ समान बसत नाही. खनिज तेल येथे चालत नाही, कारण नैसर्गिक रबर ते शोषून फुगते व कुजते. आरंभीच्या पिढ्यांनी मऊ साबण व ग्लिसरीन यांचे मिश्रण वापरले. पुढे एरंडेल तेल आले, आणि अलीकडे सिलिकोन तेल. एरंडेल रबराला बाधत नाही. आपल्याकडे ज्या तेलाची आठवण बहुधा बाळपणीच्या सक्तीच्या चमच्याशी निगडित असते, ते येथे असे उपयोगी पडावे, ही गंमतच आहे.

मग लडीला ‘वळण लावणे’. नवी लड तिच्या लांबीच्या कित्येक पट हळूहळू ताणून काही मिनिटे तशीच धरतात, सैल सोडून विसावा देतात आणि पुन्हा ताणतात. मलिन्सचा परिणाम येथे जाणूनबुजून आधीच घडवून आणला जातो. लड किंचित लांबते, तिचे पहिले कडक बळ कमी होते. पण ती त्यानंतर अधिक पीळ सोसते आणि प्रत्येक वेळी जवळपास सारखीच वागते. थोडी शक्ती देऊन भरवसा विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. लॅंग्लीला याच भरवशाची उणीव भासली होती.

प्रत्यक्ष पीळ देतानाही लड तशीच आकड्यात अडकवून फिरवीत नाहीत. एक जण प्रतिकृती धरतो. दुसरा लड चार-पाच पट लांब ताणून हातयंत्राने पीळ देऊ लागतो. निम्मे पीळ होईपर्यंत तो जागेवर उभा राहतो आणि उरलेले देत देत पावलापावलाने जवळ येतो. अशा रीतीने पीळ लडीच्या पूर्ण लांबीवर सारखा बसतो व गाठीगाठींचे थर एकसमान पडतात. लड तुटली तर हलक्या लाकडाचा सांगाडा आतून फुटतो. म्हणून पीळ देताना लडीभोवती नळी घालतात. सोडल्यावर पहिल्या काही क्षणांत बळाचा मोठा उसळा येतो, मग बराच वेळ जवळजवळ समान बळ मिळते, आणि शेवटी ते ओसरते. त्या पहिल्या उसळ्याला वेसण घालून प्रतिकृती वर न्यावी कशी, यावर स्पर्धकांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

चषक, युद्ध आणि वजनाची मर्यादा

या ज्ञानाला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यत्वे वेकफिल्ड चषकामुळे. चार्ल्स वेकफिल्ड हा वंगण-तेलाचा इंग्लिश व्यापारी. त्याच्या कंपनीचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. त्याने १९११ मध्ये विमान-प्रतिकृतींसाठी पहिला चषक दिला, आणि १९२८ पासून त्याच्या नावाचा नवा आंतरराष्ट्रीय चषक सुरू झाला. १९३९ मध्ये अमेरिकेत झालेल्या स्पर्धेत डिक कोर्डा याची प्रतिकृती ४३ मिनिटांहून अधिक काळ हवेत राहिली. एवढा वेळ रबर अर्थातच फिरत नव्हते. ते मिनिटभरात संपले असणार. उरलेला काळ उष्ण हवेच्या चढत्या झोताचा होता. परंतु त्या झोतापर्यंत पोहोचविले ते लडीनेच.

त्यानंतर युद्ध आले. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया व सिंगापूर घेतले आणि मित्रराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मुख्य पुरवठा तुटला. अमेरिकेने अल्पावधीत कृत्रिम रबराचा प्रचंड उद्योग उभा केला व त्यावर सैन्याची वाहने धावली. पण या कृत्रिम रबराचे रेणू नियमित रचनेचे नसल्याने ताणल्यावर ते स्फटिकरूप घेत नाहीत. साहजिकच लडीला लागणारी चिवटता त्यात नव्हती. टायरला जे पुरले ते खेळण्याला पुरले नाही.

१९४८ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली. १९४९ व १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे फिनलंडच्या आर्ने एल्लिला याने ती जिंकली. तोवर प्रतिकृतीत रबर किती असावे यास मर्यादा नव्हती. १९५४ पासून ती ८० ग्रॅम ठरली, पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत आज ३० ग्रॅमवर आली आहे. सांगाडा किमान २०० ग्रॅमचा असावा लागतो. ३० ग्रॅम रबरात सुमारे ३०० ज्यूल ऊर्जा मावते. कोणताही ऱ्हास न होता ती सारी उंचीत बदलली, तर २३० ग्रॅमची प्रतिकृती जेमतेम १३० मीटर चढेल. मर्यादा जसजशी आवळली गेली तसतसे निगेचे मोल वाढले. अधिक रबर भरण्याची सोय उरली नाही. असलेल्यातून अधिक काढणे एवढेच हाती राहिले.

याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. स्पर्धक रबराची कसोटी स्वतः घेऊ लागले. नमुन्याची पट्टी ठरावीक वजनाची घेऊन ती टप्प्याटप्प्याने ताणायची, प्रत्येक टप्प्यावरचे बळ नोंदवायचे, तसेच परत सोडताना नोंदवायचे आणि परतीच्या आलेखाखालील क्षेत्रफळावरून मिळणारी ऊर्जा काढायची. ताणताना घातलेली व परत मिळालेली ऊर्जा यांतील फरक उष्णतेत जातो. ही कसोटी कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत उभारता येण्याजोगी आहे; त्यासाठी लागते ती कमानीची तराजू, मोजपट्टी व चिकाटी. अनेक वर्षे इटलीच्या पिरेली कंपनीच्या पट्टीला मान होता. पुढे अमेरिकेतील ‘टॅन टू’ या पट्टीने तिची जागा घेतली. या पट्टीच्या प्रत्येक घाणीवर महिना व वर्ष असे, आणि घाणीघाणीत फरक असे. गंधक, उष्णता व वेळ यांचे प्रमाण किंचित हलले तरी लडीत ते जाणवते. मे १९९९ ची घाणी सर्वोत्तम मानली गेली. ती पुन्हा तशीच जमली नाही. ज्यांच्याकडे तिचे डबे होते त्यांनी ते हवाबंद करून, उजेड, ओझोन आणि तांब्याचा स्पर्श टाळून, शीतकपाटात ठेवले व मोठ्या स्पर्धांसाठी त्यातून थोडे थोडे मोजून वापरले.